डायक्लोरोमिथेन ध्रुवीय का? अकरावीच्या एका वर्गाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचं हे कनिष्ठ महाविद्यालय. अकरावी विज्ञानाची मोठी तुकडी. निम्मी मुलं मराठी माध्यमातून आलेली, उरलेली सेमी-इंग्रजीची. काहींनी गणित घेतलंय, काहींनी नुसतं जीवशास्त्र. बहुतेकांचं लक्ष सीईटी नाहीतर नीटकडे. ओळख पटू नये म्हणून गावाचं आणि माणसांची नावं गाळली आहेत. मी तिथे भौतिकशास्त्र शिकवतो. प्रकरण माझ्या विषयातलं नव्हतं, पण माझी प्रयोगशाळा त्यात ओढली गेली आणि मीही.

रसायनशास्त्राच्या मॅडमनी केमिकल बाँडिंगचा धडा नेहमीच्या क्रमाने शिकवला होता: लुईस रचना (बंध आणि इलेक्ट्रॉन दाखवणारी कागदावरची आकृती), विद्युतऋणता (अणूची इलेक्ट्रॉन ओढण्याची ताकद), बंधाची ध्रुवीयता, मग व्हीएसईपीआर (इलेक्ट्रॉनांच्या जोड्या एकमेकींपासून दूर राहतात यावरून आकार ठरवणं) आणि रेणूंचे आकार, शेवटी डायपोल मोमेंट (सगळ्या बंधांची ओढ मिळून रेणूत उरणारी ध्रुवीयता; शून्य आली तर रेणू अध्रुवीय). पाठ्यपुस्तकाचा क्रम हाच, आणि तो चुकीचा नाही. धडा संपल्यावर त्यांनी एक छोटी चाचणी घेतली. सात रेणू दिले: कार्बन डायऑक्साइड, पाणी, कार्बन टेट्राक्लोराइड, डायक्लोरोमिथेन, अमोनिया, नायट्रोजन ट्रायफ्लोराइड, बोरॉन ट्रायफ्लोराइड. यातले ध्रुवीय कोणते आणि का, एवढाच प्रश्न.

अडचण

गुण वाईट नव्हते. अडचण कारणांमध्ये होती, आणि ती दिसली कारण मॅडमनी ‘का’ विचारलं होतं.

चुका तीन प्रकारच्या होत्या. पहिला गट बंधापाशीच थांबला: कार्बन आणि क्लोरीनच्या विद्युतऋणतेत फरक आहे (२.५५ आणि ३.१६), म्हणून बंध ध्रुवीय, म्हणून कार्बन टेट्राक्लोराइड ध्रुवीय. ही चूक सगळीकडे सापडते आणि दुरुस्त करायला सोपी.

दुसऱ्या गटाने नायट्रोजन ट्रायफ्लोराइडचा डायपोल मोमेंट अमोनियापेक्षा मोठा ठरवला, कारण फ्लोरीनइतकं इलेक्ट्रॉन ओढणारं दुसरं मूलद्रव्य नाही. प्रत्यक्षात अमोनियाचा १.४७ डिबाय (डायपोल मोमेंटचं एकक) आणि नायट्रोजन ट्रायफ्लोराइडचा सुमारे ०.२३.

तिसरा गट सगळ्यात मोठा, आणि हुशार मुलं त्यातच होती. त्यांनी डायक्लोरोमिथेन अध्रुवीय ठरवला. मधे कार्बन, डावी-उजवीकडे क्लोरीन, वर-खाली हायड्रोजन अशी रचना काढली, बंधांची ओढ दाखवणारे समोरासमोरचे बाण एकमेकांवर खोडले आणि खाली लिहिलं, ‘सिमेट्रिकल आहे, म्हणून नॉन-पोलर’. मोजलेला डायपोल मोमेंट मात्र १.६० डिबाय आहे. पाण्याच्या १.८५ च्या फार मागे नाही.

मॅडमनी स्टाफरूममध्ये तो गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. “सर, ही बघा. हिला टेट्राक्लोराइडला पूर्ण गुण दिलेत, आणि खालचं उत्तर वाचून वाटतं तेही काढून घ्यावेत.”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्या मुलीने टेट्राक्लोराइडही सपाटच काढला होता: चार क्लोरीन, चार दिशा, मधे नव्वद-नव्वद अंशांचे कोन. सपाट चौकोनातही चारही बाण खोडले जातात आणि चतुष्फलकातही (चार टोकांचा त्रिमिती आकार, या रेणूचा खरा आकार तोच). त्यामुळे आकार डोळ्यांपुढे नसलेल्या मुलालाही इथे बरोबर उत्तर मिळतं. सममितीचं हे आवडतं उदाहरण समज तपासायला मुळीच उपयोगाचं नाही. डायक्लोरोमिथेन मात्र लगेच उघडं पाडतो, कारण सपाट काढलेल्या आकृतीत तो शून्य येतो आणि त्रिमितीत येत नाही.

माझ्या मते या प्रकरणातला पहिला महत्त्वाचा निर्णय इथेच झाला. मॅडमनी ठरवलं की सात रेणूंची उत्तरं पुन्हा समजावून सांगायची नाहीत, एकच रेणू धरायचा.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय तक्त्याचा. शहरातल्या क्लासच्या नोट्समध्ये तो असतोच: आकार, उदाहरण, ध्रुवीय की अध्रुवीय, तीन रकाने. रेषीय, त्रिकोणी प्रतल, चतुष्फलक, कडेचे अणू सारखे तर शून्य, वेगळे तर नाही. सीईटीच्या बहुपर्यायी प्रश्नांना तो पुरतो, आणि ‘यात वाईट काय’ असं विचारणारे सहकारी स्टाफरूममध्ये होते. मॅडमचा आक्षेप साधा होता. ज्यांनी डायक्लोरोमिथेन चुकवला त्यांनाही तक्ता पाठ होता. ‘सारखे’ हा शब्द त्यांनी सपाट आकृतीला लावला, एवढंच.

दुसरा पर्याय मॅडमच्या मनात आधीपासून होता आणि वर्गालाही तोच हवा होता. ब्युरेटमधून पाण्याची बारीक धार सोडायची, घासलेली प्लास्टिकची कांडी जवळ न्यायची, धार वळताना दाखवायची, मग तेच हेक्झेन या अध्रुवीय द्रवाने करून धार सरळ जाताना दाखवायची. दिसायला सुंदर प्रयोग आहे. यावर मी आडवा आलो, दोन कारणांनी.

एक कारण सुरक्षिततेचं. हेक्झेनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, शून्याच्या बराच खाली आहे. उघड्या धारेजवळ स्थितिक विद्युत मुद्दाम तयार करणं मला पटेना. जुन्या प्रयोगवह्यांत हेक्झेनच्या जागी कार्बन टेट्राक्लोराइड आढळतो. तो पेट घेत नाही, पण यकृताला घातक आहे आणि ओझोनच्या थराला हानी करतो म्हणून माँट्रियल कराराखाली त्याचा वापर बंद होत गेला. वर्गात आणायचा प्रश्नच नव्हता.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. तो प्रयोग जे दाखवतो असं आपण सांगतो, ते तो दाखवत नाही. एकसारख्या विद्युत क्षेत्रात द्विध्रुव, म्हणजे डायपोल, नुसता फिरतो. त्याच्या एका टोकाला जितकी ओढ, तितकीच दुसऱ्या टोकाला उलटी, म्हणून त्याला एका बाजूला खेचणारं बल शून्य. कांडीजवळचं क्षेत्र एकसारखं नसतं हे खरं, पण त्यातून येणारं बल इतकी धार वळवायला फार अपुरं पडतं. पाण्यात थोडे आयन असतातच. कांडीच्या प्रभावाने धारेत विरुद्ध प्रभार गोळा होतो, धारेतून सुटणारे थेंब तो प्रभार घेऊन पडतात, आणि वळण मुख्यतः त्याचं असतं. २००० साली जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशनमध्ये यावर सविस्तर लेख आला होता, तरी प्रयोग जुन्या स्पष्टीकरणासकट चालूच आहे.

वर श्रावण चालू होता. त्या दमट हवेत कांडीवर प्रभार टिकला नसता. मामांनी, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतल्या परिचरांनी, शांतपणे सांगितलं, “पावसाळ्यात ते होत न्हाई मॅडम, दरवर्षी फजिती होते.” माझ्या युक्तिवादापेक्षा या वाक्याचा परिणाम जास्त झाला असावा.

तिसरा पर्याय गणिताचा: सदिशांची बेरीज, कोसाइन, थेट उत्तर. गणितवाल्या मुलांना तो आवडला असता. नुसतं जीवशास्त्र घेतलेल्यांनी वही मिटली असती.

चौथा, मॉडेल हातात देणं. कॉलेजकडे गोळे-काड्यांचा एकच संच, त्यातले बरेच गोळे हरवलेले. पण गणपती जवळ आले होते आणि गावात शाडू मिळत होती.

काय केलं

मॅडमनी चौथा पर्याय घेतला आणि तिसऱ्यातलं थोडं त्यात मिसळलं. ब्युरेटचा प्रयोग पुढे ढकलला, रद्द केला नाही.

पहिल्या तासाला प्रत्येक बाकाला शाडूचे पाच गोळे आणि खराट्याच्या नऊ सेंटिमीटरच्या चार काड्या दिल्या. चार काड्या एकमेकींपासून जास्तीत जास्त दूर राहतील अशा खोचायच्या, एवढीच सूचना. निम्म्या बाकांवर आधी सपाट फुलीच झाली. मॅडमनी कोणाला टोकलं नाही, फक्त विचारलं, “याहून लांब जाता येतंय का बघा.” फुलीत शेजारच्या काड्यांमध्ये नव्वद अंश. एक काडी वर आणि तीन खाली पसरल्या की १०९.५. हे हाताला कळल्यावर फुल्या आपोआप मोडल्या.

मग दोन गोळ्यांना हिरवा रंग लावून त्यांना क्लोरीन केलं, आणि मॅडमनी प्रश्न टाकला: दोन हिरवे गोळे बरोब्बर समोरासमोर येतील असं मॉडेल धरून दाखवा. मुलांनी ते उलटसुलट फिरवून पाहिलं. ते होत नाही, कारण या ठेवणीत कुठल्याच दोन काड्या एका रेषेत नाहीत.

खिडक्या बंद करून मोबाइलच्या टॉर्चने भिंतीवर सावली पाडायची कल्पना एका मुलाची. दोन क्लोरीन टॉर्चच्या बाजूला आणि दोन हायड्रोजन भिंतीच्या बाजूला असं मॉडेल धरलं, तेव्हा भिंतीवर नेमकी ती फुली उमटली जी बहुतेकांनी उत्तरपत्रिकेत काढली होती: क्लोरीन डावी-उजवीकडे, हायड्रोजन वर-खाली. मॉडेल पाव फेरा फिरवलं की दोन्ही क्लोरीन शेजारी-शेजारी असलेली फुली पडत होती. रेणू एकच, सपाट चित्रं दोन, आणि त्यातलं एक ‘ध्रुवीय’ वाटणारं, दुसरं ‘अध्रुवीय’.

या सावलीवर थोडं थांबायला हवं, कारण तासात ती झटकन येऊन गेली. टॉर्चकडून भिंतीकडे जाणारी दिशा त्या पहिल्या ठेवणीत दोन क्लोरीनच्या मधून जाते. डायक्लोरोमिथेनचा निव्वळ डायपोल मोमेंट नेमका याच रेषेवर आहे. म्हणजे सावली पाडताना बाकी सगळं शाबूत राहतं आणि फक्त तीच एक दिशा पुसली जाते जिच्यावर उत्तर आहे. वहीत फुली काढणारी मुलगी समोरासमोरचे बाण खोडत होती, ते अगदी योग्यच होतं. त्या दिशांना खरोखरच काही उरत नाही. जे उरतं ते कागदाला लंब, पेन जिथे जातच नाही तिकडे.

मोजमापही काडीनेच केलं. टेट्राक्लोराइडच्या मॉडेलमध्ये एक काडी सरळ वर ठेवली. खालचे तीन गोळे मधल्या गोळ्यापेक्षा किती खाली आहेत ते पट्टीने पाहिलं: प्रत्येकी सुमारे तीन सेंटिमीटर. तीन त्रिक नऊ खाली, नऊ वर. बाजूला जाणारा भाग तीन दिशांनी सारखा वाटला जाऊन संपतो. कोसाइनचं नावही न घेता शून्य आलं, आणि हे शून्य सपाट फुलीतल्या शून्याहून वेगळ्या वाटेने आलेलं आहे हे मुलांना दिसलं. डायक्लोरोमिथेनमध्ये दोन्ही हिरवे गोळे मध्यापासून एकाच बाजूला साधारण ५.२ सेंटिमीटर. तिकडे त्यांची बेरीज होते, वजाबाकी नाही. उलट बाजूचे कार्बन-हायड्रोजन बंध दुबळे असले तरी त्यांची ओढही हायड्रोजनकडून कार्बनकडे, म्हणजे त्याच दिशेला.

दुसरा तास माझ्या प्रयोगशाळेत झाला. अकरावीच्या प्रात्यक्षिकांत बलांच्या समांतरभुज चौकोनाचा नियम असतो. त्याचा लाकडी फळा, वर दोन कप्प्या, दोरा, दोन बाजूंना वजनं आणि मधे तिसरं. ग्रेव्हसँडचं उपकरण. मॅडम आधी वर्गात रस्सीखेचीचं उदाहरण द्यायच्या, पण रस्सीखेच एका रेषेत चालते आणि तिथून मुलांच्या डोक्यात सरळ रेषाच बसते. या फळ्यावर कोन दिसतो.

दोन्ही बाजूंना १५० ग्रॅम लावले. मधे काहीच नाही तेव्हा दोरा जवळजवळ सरळ, १८० अंश: हा कार्बन डायऑक्साइड. दोन्ही बंध ध्रुवीय, ओढ जोरदार, आणि मधल्या बिंदूला धरून ठेवायला काहीही लागत नाही. मधे ५० ग्रॅम टांगले की कोन १६० च्या आसपास, १०० ला १४१, १५० ला १२०. १८० ग्रॅमला कोन १०६ पर्यंत येतो, म्हणजे पाण्याच्या १०४.५ च्या अगदी जवळ. कप्प्यांच्या घर्षणाने एक-दोन अंश इकडेतिकडे होतात. बाजूची वजनं एकदाही बदलली नाहीत. फक्त कोन मिटत गेला आणि निव्वळ ओढ शून्यापासून १८० पर्यंत वाढली. ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाचा मोमेंट साधारण दीड डिबाय धरला तर फळ्यावरचे १५० ग्रॅम म्हणजे दीड डिबाय, आणि मधले १८० म्हणजे १.८. मुलं खूष झाली.

तास संपल्यावर मी मॅडमना सांगितलं की हा पुरावा नव्हे. बंधाचा दीड डिबाय हा आकडा कोणी वेगळा मोजलेला नाही. पाण्याच्या १.८५ वरूनच तो उलटा काढलेला आहे. त्यातून परत १.८५ मिळवणं म्हणजे टाकलेलंच काढून घेणं. यंत्रणा समजायला फळा उत्तम आहे, नियम पडताळायला नाही. हा मुद्दा त्या वर्षी मुलांपर्यंत गेला नाही.

बाणाच्या दिशेवरूनही आमचं जुंपलं. रसायनशास्त्राची पुस्तकं बाण धनाकडून ऋणाकडे काढतात आणि शेपटीला छोटी अधिक खूण देतात. भौतिकशास्त्रात द्विध्रुवाचा सदिश ऋणाकडून धनाकडे. हीच मुलं पुढे माझ्याकडे येऊन उलटी दिशा शिकणार. शेवटी मॅडमच्या तासाला मॅडमची पद्धत, आणि वहीत पहिल्याच पानावर एक ओळ: भौतिकशास्त्रात हा बाण उलटा असतो.

तिसरा तास अमोनिया आणि नायट्रोजन ट्रायफ्लोराइडचा. इथे मॅडमनी आकडे आधी फळ्यावर लिहिले आणि कारण मुलांकडून मागितलं. बंधांमधला विद्युतऋणतेचा फरक नायट्रोजन-हायड्रोजनचा ०.८४, नायट्रोजन-फ्लोरीनचा ०.९४, म्हणजे जवळपास सारखाच. दोघांचा आकार पिरॅमिडचा. मग एकाचा १.४७ आणि दुसऱ्याचा ०.२३ कसा? बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक मुलगी म्हणाली, “मॅडम, बाण उलटे आहेत.” अमोनियात ओढ हायड्रोजनकडून नायट्रोजनकडे, म्हणजे पिरॅमिडच्या टोकाकडे, आणि टोकावर लोन पेअर (बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनांची जोडी) बसलेली, तिची दिशाही तीच. दोन्हींची बेरीज होते. ट्रायफ्लोराइडमध्ये तिन्ही बंधांची ओढ खाली फ्लोरीनकडे आणि लोन पेअर वर. दोघं एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात. आकार तोच, बंधांची ध्रुवीयता जवळपास तेवढीच, आणि तरी सहापट फरक. नुसता आकार ओळखून भागत नाही, बाण कुठे बघतोय तेही पाहावं लागतं, हे त्या तासाला आलं. बोरॉन ट्रायफ्लोराइडवर लोन पेअर नाही, त्याचे तीन बंध एका प्रतलात १२० अंशांवर, म्हणून शून्य. त्यावर दोन मिनिटंही लागली नाहीत.

जाता जाता मॅडमनी जुनी हकीकत सांगितली. कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या टोकांकडे जातात हे व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी १८७४ मध्ये स्वतंत्रपणे मांडलं, तेव्हा क्ष-किरणांचाही शोध लागला नव्हता. त्यामागचा एक तर्क आपल्याच रेणूचा. कार्बन सपाट चौकोनी असता तर डायक्लोरोमिथेन दोन प्रकारचे मिळाले असते, क्लोरीन समोरासमोरचा आणि शेजारी-शेजारचा. मिळतो एकच, ४० अंशाला उकळणारा. प्लॅटिनमच्या संयुगात मात्र दोन अमोनिया आणि दोन क्लोरीन घेतले की खरोखर दोन वेगवेगळे पदार्थ मिळतात, आणि त्यावरून वेर्नरने १८९३ मध्ये तिथला आकार सपाट असल्याचं ओळखलं. त्यातला क्लोरीन शेजारी असलेला, ध्रुवीय प्रकार म्हणजे कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन. सावलीतल्या दोन फुल्या तिथे दोन बाटल्यांत असतात.

निष्पत्ती

पुढच्या चाचणीत मॅडमनी वर्गात न घेतलेले रेणू दिले: क्लोरोफॉर्म, सल्फर डायऑक्साइड, फॉस्फरस पेंटाक्लोराइड, झेनॉन टेट्राफ्लोराइड, आणि १,२-डायक्लोरोएथीनचे सिस (दोन्ही क्लोरीन एका बाजूला) व ट्रान्स (विरुद्ध बाजूंना) प्रकार. शिवाय ‘ध्रुवीय की अध्रुवीय’ याऐवजी ‘निव्वळ बाण काढा, नसेल तर का नाही ते लिहा’ असं विचारलं.

क्लोरोफॉर्म आणि सल्फर डायऑक्साइड बहुतेकांनी नीट सोडवले. डायक्लोरोएथीनची जोडीही, सिसला बाण आणि ट्रान्सला शून्य. सपाट फुली जवळपास गेली.

नवी चूक मात्र आली. झेनॉन टेट्राफ्लोराइडला बऱ्याच जणांनी ध्रुवीय म्हटलं, कारण त्यावर लोन पेअर आहेत. ‘लोन पेअर असली की ध्रुवीय’ हा नियम अमोनियाच्या तासातून त्यांनी स्वतःच तयार केला होता. तिथे दोन लोन पेअर आहेत, चौकोनाच्या वर आणि खाली, आणि त्या एकमेकींना खोडतात. माझ्या मते ही चूक आधीच्या चुकीपेक्षा बरी, कारण ती आकार पाहिल्यानंतर होते. मॅडमना ते पटलं नाही. त्यांच्या मते एक पाठ केलेला नियम जाऊन दुसरा आला, बस.

आणखी एक गोष्ट उघड झाली. मुलांनी ध्रुवीयतेवरून उत्कलनबिंदू सांगायला सुरुवात केली होती आणि क्लोरोफॉर्म कार्बन टेट्राक्लोराइडपेक्षा जास्त तापमानाला उकळेल असं ठामपणे लिहिलं. होतं उलटं. क्लोरोफॉर्म ६१ अंशाला उकळतो, अध्रुवीय टेट्राक्लोराइड ७७ ला. टेट्राक्लोराइडचा रेणू मोठा, त्याचे इलेक्ट्रॉन जास्त, म्हणून लंडन बलं (अध्रुवीय रेणूंमध्येही असणारी, क्षणिक द्विध्रुवांमुळे येणारी ओढ) इतकी की डायपोलची उणीव भरून निघते. डायक्लोरोएथीनमध्ये मात्र सिस ६० ला आणि ट्रान्स ४८ ला उकळतो, कारण तिथे आकारमान सारखंच आहे. ध्रुवीयतेची तुलना करायची तर बाकी गोष्टी सारख्या असलेली जोडी घ्यावी लागते, हे कुठल्याच तासात स्पष्ट सांगितलं गेलं नव्हतं.

एका मुलाने कार्बन मोनॉक्साइड विचारला. विद्युतऋणतेचा फरक ०.८९, रेणू दोनच अणूंचा, खोडायला दुसरा बंध नाही, तरी डायपोल मोमेंट ०.११ डिबाय, आणि ऋण टोक चक्क कार्बनकडे. मॅडमनी सरळ सांगितलं की आपला नियम इथे पुरत नाही आणि यासाठी मॉलेक्युलर ऑर्बिटल्स, म्हणजे इलेक्ट्रॉन पूर्ण रेणूभर पसरलेले मानणारी मांडणी, लागते. मुलाचं समाधान झालं की नाही, माहीत नाही.

तक्रारही आली. काही पालकांचं म्हणणं, क्लासमध्ये एका मिनिटात होणाऱ्या प्रश्नाला इथे मुलं मॉडेल डोळ्यांपुढे आणत बसतात. तक्रार खोटी नव्हती. घड्याळ लावून सोडवलेल्या प्रश्नांत ही मुलं खरोखर संथ झाली होती.

ब्युरेटचा प्रयोग डिसेंबरच्या कोरड्या हवेत माझ्या तासाला झाला. फक्त पाणी, आणि दोन कांड्या: लोकरीने घासलेली प्लास्टिकची, रेशमाने घासलेली काचेची. प्रभार विरुद्ध, तरी धार दोन्हींकडे वळली. तो प्रयोग आम्ही प्रभार-प्रवर्तनाच्या खाली नोंदवला. ध्रुवीयतेची खूण म्हणून मॅडमनी त्याऐवजी सापेक्ष परावैद्युतांकाचे (पदार्थ विद्युत क्षेत्र किती पट कमी करतो त्याचे) आकडे दिले: हेक्झेन १.९, टेट्राक्लोराइड २.२, क्लोरोफॉर्म ४.८, डायक्लोरोमिथेन ८.९, पाणी ७८. पिटर डिबाय यांनी डायपोल मोमेंट मोजण्याची जी रीत घालून दिली ती याच गुणधर्मावर उभी आहे, तापमान बदललं की वायूचा परावैद्युतांक कसा बदलतो त्यावर. १९३६ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना ज्या कामासाठी मिळालं त्यात हेही होतं.

पुन्हा करायचं झालं तर

डायक्लोरोमिथेन पहिल्या दिवशी आणायचा, लुईस रचनेच्याच तासाला. सपाट फुली हातात बसल्यावर ती मोडायला वेळ गेला. मॉडेल आधी आणि कागद नंतर केलं असतं तर वाचला असता. टेट्राक्लोराइड चाचणीतून काढायचा, किंवा ठेवलाच तर कोन लिहायला सांगायचा.

झेनॉन टेट्राफ्लोराइड अमोनियाच्या त्याच तासात घ्यायचा, म्हणजे लोन पेअरचा नियम तयार व्हायच्या आधीच त्याला अपवाद भेटेल.

वेगाच्या तक्रारीवर आमचं एकमत नाही. मॅडम पुढच्या वर्षी शेवटी तोच क्लासवाला तक्ता देणार आहेत, पण मुलांकडूनच भरून घेऊन. मी असतो तर दिला नसता, पण निकाल मला द्यायचा नसतो.

आणि ग्रेव्हसँडच्या फळ्यावर पाण्याऐवजी डायक्लोरोबेंझीन (कार्बनच्या षटकोनी कड्यावर दोन क्लोरीन) घ्यायचं, हा माझा आग्रह. हा रेणू मुळात सपाट आहे, त्यामुळे कागदावरच्या आकृतीवर इथे विश्वास ठेवता येतो, आणि तो कधी ठेवायचा हेही मुलांना कळायला हवं. शिवाय इथे टाकलेलंच परत काढून घेणं नाही. एकच क्लोरीन असलेल्या क्लोरोबेंझीनचा डायपोल मोमेंट स्वतंत्रपणे मोजलेला आहे, १.६९ डिबाय. आता दुसरा क्लोरीन लावा. पॅरा जागी, १८० अंशावर: अपेक्षा शून्य, मोजलेला शून्य. मेटा जागी, १२० अंशावर: फळ्याने दाखवलंच आहे की १२० अंशावर मधलं वजन बाजूच्या एका वजनाइतकंच लागतं, म्हणून अपेक्षा १.६९, आणि मोजलेला १.७२. ऑर्थो जागी, ६० अंशावर: अपेक्षा २.९, मोजलेला २.५. इथे हिशेब चुकतो. दोन क्लोरीन इतके जवळ येतात की एकमेकांची ध्रुवीयता थोडी कमी करतात, आणि बंधांचे बाण सुटे-सुटे धरून बेरीज करणं तेवढ्यापुरतं चालत नाही. हे तिन्ही आकडे मोजलेल्या किमती न सांगता आधी मुलांकडून काढून घ्यायचे आणि ऑर्थोचा मोजलेला आकडा सगळ्यात शेवटी फळ्यावर लिहायचा, असं ठरलं आहे. मामांनी त्यासाठी कप्प्यांना तेल घालून ठेवलंय.